कबानातुआनचा छापा: फौज जवळ आलीच होती, मग एवढी घाई कशाला?

माळरान:
सध्या पॅसिफिक आघाडीवरचं बरंच वाचतोय, एक गोष्ट काही केल्या डोक्यात बसत नाहीये म्हणून विचारतो. फिलिपिन्समध्ये लुझोन बेटावर कबानातुआनला जपान्यांचा युद्धकैद्यांचा कॅम्प होता. एप्रिल १९४२ मध्ये तिथलं बाटान द्वीपकल्प जपान्यांच्या हाती पडल्यावर आणि मे मध्ये कोरेगिडोर हे किल्ल्याचं बेट पडल्यावर जे अमेरिकन सैनिक हाती लागले त्यातले हजारो इथे डांबले होते. ३० जानेवारी १९४५ च्या रात्री १२० च्या आसपास अमेरिकन रेंजर्सनी (खास छाप्यांसाठी तयार केलेले सैनिक) छापा घालून पाचशेच्या वर कैदी सोडवले. पण त्याच महिन्याच्या ९ तारखेला अमेरिकन फौज लिंगायेनच्या आखातात उतरली होती आणि पुढेच सरकत होती, म्हणजे आठ-पंधरा दिवसांत कॅम्प आपोआप हातात आलाच असता ना? मग शत्रूच्या हद्दीत पन्नासेक किलोमीटर आत एवढीशी माणसं पाठवायचा धोका का घेतला? नुसता प्रसिद्धीचा भाग होता का?

दर्यासारंग:
प्रसिद्धी नाही हो. पलावानबद्दल वाचा म्हणजे उत्तर मिळेल.

पलावान बेटावर पोर्तो प्रिन्सेसाला १५० अमेरिकन कैदी विमानांची धावपट्टी बांधायच्या कामावर होते. १४ डिसेंबर १९४४ ला हवाई हल्ला होणार म्हणून त्यांना खंदकांत कोंबलं, वरून पेट्रोल ओतलं आणि पेटवून दिलं. जे बाहेर पळाले त्यांच्यावर मशीनगन. १३९ जण मेले, ११ जण कड्यावरून खाली समुद्राकडे निसटून वाचले. कारण काय, तर अमेरिकन जहाजांचा ताफा दिसला होता आणि जपान्यांना वाटलं आता इथेच उतरणार.

म्हणजे बघा, फौज जवळ येणं हीच कैद्यांसाठी सगळ्यात धोक्याची गोष्ट होती. वाचलेल्यांची हकीकत जानेवारीत अमेरिकन अधिकाऱ्यांपर्यंत पोचली आणि २६ जानेवारीला मेजर लॅफम, जो १९४२ पासून लुझोनमध्येच लपून गनिमी टोळ्या चालवत होता, तो सहाव्या आर्मीच्या मुख्यालयात जाऊन सांगून आला की कबानातुआनला पाचशे माणसं आहेत आणि त्यांचंही तेच होणार. चार दिवसांत छापा पडला. आठ-पंधरा दिवस थांबले असते तर काय हाती लागलं असतं याचा अंदाज तुम्हीच करा.

अजून एक, हे पाचशे म्हणजे मागे उरलेली माणसं. चालता-फिरता येणाऱ्यांना १९४४ च्या शेवटी जहाजांत भरून जपानकडे मजुरीला रवाना केलं होतं. त्यातलं आरिसान मारू २४ ऑक्टोबरला अमेरिकन पाणबुडीनेच बुडवलं, कारण आत कैदी आहेत अशी कुठलीही खूण जहाजावर नव्हती. जवळपास १८०० पैकी ९ जण वाचले. कॅम्पात राहिले ते आजारी, लंगडे, आंधळे होत आलेले, म्हणून राहिले आणि म्हणून वाचले. हे वाचलं की मला दर वेळी सुन्न व्हायला होतं.

माळरान:
पलावानचं मला काहीच माहीत नव्हतं, बापरे. पण मग जमलं कसं? नकाशात बघितलं तर कॅम्पभोवती सगळी सपाट भातखाचरं दिसतात, झाड नाही झुडूप नाही. आणि कैदी जर एवढे आजारी तर त्यांना चालवत परत कसं आणलं?

भातखाचर:
तेच तर खरं कौतुक आहे. २८ ला निघाले, २९ च्या रात्री हल्ला करायचा असं ठरलं होतं पण कॅम्पजवळून मोठी जपानी फौज जात होती म्हणून चोवीस तास थांबले. त्या एका दिवसात अलामो स्काउट या टेहळणी तुकडीतले दोघं स्थानिक शेतकऱ्यांचे कपडे घालून कॅम्पासमोरच्या एका ओसाड झोपडीत जाऊन बसले आणि फाटक कुठल्या बाजूला उघडतं, पहारे कुठे, कुलूप कसं हे सगळं लिहून आणलं. मग ३० ला संध्याकाळी रेंजर्स त्या उघड्या शेतातून पोटावर सरपटत गेले. वरून ब्लॅक विडो जातीचं एक रात्री लढणारं विमान मुद्दाम अगदी खालून घिरट्या घालत होतं, मधेच इंजिन बंद करायचं, पुन्हा सुरू करायचं, पहारेकरी सगळे माना वर करून आता पडतंय का मग पडतंय का बघत राहिले आणि खाली शेतात कोण सरपटतंय याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. पावणेआठला पहिली गोळी सुटली आणि अर्ध्या तासाच्या आसपास कॅम्प रिकामा झाला.

कैद्यांना तर आधी कळेचना. तीन वर्षांत अमेरिकन सैन्याचा गणवेश बदललेला, टोप्या वेगळ्या, बंदुका वेगळ्या, त्यामुळे हे कोण लोक आहेत, बाहेर काढून मारायचा डाव तर नाही ना, अशी भीती. काहींना अक्षरशः ढकलून बाहेर काढावं लागलं. अंगावर मांसच नव्हतं, रेंजर्सनी एकेकाला पाठुंगळी घेतलं. एक बहिरा ब्रिटिश कैदी संडासात झोपून गेला होता, त्याला एवढा गोळीबार ऐकूच आला नाही, तो मागे राहिला आणि नंतर फिलिपिनो लढवय्यांना सापडला. सुखरूप.

परतीचा प्रवास रेड्यांच्या गाड्यांतून. पाम्पांगा नदीवर गावकरी गाड्या घेऊन थांबलेले, मग वाटेतल्या प्रत्येक गावात अजून गाड्या जोडल्या जात गेल्या, शेवटी शंभराच्या वर झाल्या. रात्रभर ती रांग चालली आणि ३१ ला सगळे अमेरिकन हद्दीत पोचले. रेंजर्सपैकी दोघं गेले, त्यातला एक डॉक्टर कॅप्टन फिशर.

काबूचापूल:
सगळं बरोबर आहे पण मला एक गोष्ट नेहमी खटकते आणि वरच्या उत्तरांतही तेच झालंय. छापा म्हटलं की रेंजर्सचे अधिकारी कर्नल मुची आणि कॅप्टन प्रिन्स, अन् फिलिपिनो लोक म्हणजे गाडीवान. अहो, फिलिपिनो गनिमी टोळीचा पुढारी कॅप्टन हुआन पाहोता नावाच्या माणसाशिवाय हा छापा झालाच नसता. विमान घिरट्या घालायची कल्पना त्याची. आदल्या रात्री थांबा, आत्ता गेलात तर सगळे मराल, हे सांगणारा तो. वाटेतल्या गावांत कुत्र्यांची तोंडं बांधा, कोंबड्या डालून ठेवा, म्हणजे रात्री आवाज होणार नाही, हा निरोप त्याच्या माणसांनी फिरवला. गाड्या जमवल्या त्यानेच.

आणि लढाई? कॅम्पपासून जवळच काबूच्या पुलापलीकडे हजाराच्या आसपास जपानी सैनिक मुक्कामाला होते. ते पुलावरून आले असते तर रेंजर्स आणि कैदी दोघंही संपले असते. पाहोताच्या माणसांनी पुलाला टायमर लावून स्फोटकं बांधली, रणगाडे येणार नाहीत एवढं भगदाड पाडलं आणि लाटेमागून लाट येत होती ती तिथेच अडवून धरली. बझूका (खांद्यावरून रॉकेट सोडणारी नळी) कशी चालवायची हे त्यांना त्याच सुमारास पहिल्यांदा दाखवलं होतं आणि त्यांनी तिने रणगाडे फोडले. दुसऱ्या बाजूला दुसरा फिलिपिनो गनिमी पुढारी कॅप्टन होसोन, त्याची माणसं शहराकडचा रस्ता धरून बसली होती. कॅम्पातला अर्धा तास मिळाला तो या दोघांमुळे मिळाला.

नंतर पदकं वाटली तेव्हा मुची आणि प्रिन्सला डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस, बाकी अमेरिकन अधिकाऱ्यांना सिल्व्हर स्टार, आणि फिलिपिनो अधिकाऱ्यांना ब्राँझ स्टार. वर १९४६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा करून टाकला की फिलिपिनो सैनिकांची सेवा ही अमेरिकन सैन्यातली सेवा धरायची नाही, म्हणजे पेन्शन वगैरे सवलती बहुतेकांना बंद. रूझवेल्टने १९४१ मध्ये हुकूम काढून ज्यांना अमेरिकन झेंड्याखाली बोलावलं त्याच लोकांबद्दल हे. २००९ मध्ये एकरकमी पैसे मंजूर केले, अमेरिकन नागरिक असाल तर १५,००० डॉलर आणि नसाल तर ९,०००. तोवर किती जण जिवंत होते?

दर्यासारंग:
काबूचापूल, एकदम मान्य. आणि गावकऱ्यांनी काय किंमत दिली तेही सांगायला हवं. कबानातुआननंतर तीनच आठवड्यांनी, २३ फेब्रुवारीला, लॉस बान्योसच्या कॅम्पवर असाच हल्ला झाला, तिथे सैनिक नव्हते, दोन हजारांच्या वर नागरिक कैदेत होते. पॅराशूटने उतरलेले सैनिक, पाण्यातून आलेल्या गाड्या आणि फिलिपिनो टोळ्या, सगळं घड्याळ लावून. कैदी सगळे वाचले. अमेरिकन त्यांना घेऊन तळ्यापलीकडे निघून गेले आणि मागे गावं उघडी पडली. जपानी परत आले, मदत केली या रागाने घरं जाळली, दीड हजाराच्या आसपास गावकरी मारले, बायका-मुलांसकट. मला वाटतं छाप्याची योजना आखताना तिथे राहणाऱ्या लोकांचा विचार व्हायला हवा होता, निदान गाव सोडा एवढा निरोप तरी जायला हवा होता.

नदीकाठ:
या निमित्ताने आपल्या लोकांचंही नाव निघू दे. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं तेव्हा हजारो भारतीय सैनिक पकडले गेले. बरेच आझाद हिंद फौजेत गेले, जे गेले नाहीत त्यातल्या अनेकांना जपान्यांनी न्यू गिनी आणि रबाउलकडे हमाली करायला नेलं. १९४३ मध्ये न्यू गिनीतल्या वेवाकला साधारण ३,००० जण उतरवले. उपासमार, मलेरिया, मारहाण आणि वर मित्रराष्ट्रांचेच बॉम्ब. त्यांच्यासाठी ना छापा, ना विमान. ऑगस्टमध्ये युद्ध संपलं तरी सेपिक नदीच्या भागात अडकलेल्या ११ जणांच्या गटापर्यंत ऑस्ट्रेलियन पोचले ते ३० सप्टेंबर १९४५ ला. जमादार चिंत सिंग त्यांचा पुढारी. जपान्यांवरच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात साक्ष द्यायला तो मागे थांबला आणि बाकीचे दहाच्या दहा नोव्हेंबरमध्ये घरी निघाले असताना विमान कोसळून गेले. खटल्यात जपानी बाजूचं म्हणणं काय, तर हे युद्धकैदी नव्हतेच, आमच्याकडे स्वखुशीने कामाला होते. चिंत सिंगने उभं राहून नावं, तारखा, कोणी कोणाला मारलं, सगळं सांगितलं.

माळरान:
चिंत सिंगचं नाव आज पहिल्यांदा ऐकलं, शाळेत सोडा कुठेच ऐकलं नव्हतं. नदीकाठ, जमलं तर त्यांच्यावर वेगळा धागा काढा ना, आणि आझाद हिंदमध्ये न गेलेल्यांचं पुढे भारतात कसं स्वागत झालं, की कुणी विचारलंच नाही, तेही लिहा. काबूचापूल, तुमच्याकडून पाहोतावर सविस्तर हवंय.