रात्रीच्या नोंदीही घ्या

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन दिवसभरात जितका वाढला तितकं तिथलं प्रकाशसंश्लेषण, असा हिशेब तुम्ही मांडलात, तो पटला नाही. हवेशी होणारी देवाणघेवाण त्यात धरलेलीच नाही. समुद्रसपाटीला २५ अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे जेमतेम ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. शेवाळामुळे दुपारी आकडा ११ वर गेला, की जास्तीचा वायू पृष्ठभागातून हवेत निसटत राहतो. म्हणजे खरी निर्मिती तुमच्या आकड्यापेक्षा जास्तच. नदीसाठी यावर जुनी युक्ती आहे: सूर्य मावळल्यावर दर पंधरा मिनिटांनी ऑक्सिजनची नोंद घ्या. अंधारात निर्मिती नाही, उरतं पाण्यातल्या जीवांचं श्वसन आणि हवेतून येणारा ऑक्सिजन. आडव्या अक्षावर संपृक्ततेपासूनची तूट (म्हणजे मावू शकतो त्यापेक्षा ऑक्सिजन किती कमी आहे) आणि उभ्यावर ऑक्सिजनच्या बदलाचा वेग मांडला, की रेषेचा चढ हाच देवाणघेवाणीचा गुणांक, म्हणजे हवेशी ती किती झपाट्याने होते त्याचं माप. तूट शून्य असताना येणारा ऋण आकडा म्हणजे श्वसन. खळाळत्या ओढ्यात मात्र तूट फारशी हलतच नाही, त्यामुळे रेष काही केल्या जुळत नाही.

आणि हो, ऑक्सिजन मोजायला पडदावाला प्रोब (पातळ पडद्यातून ऑक्सिजन आत घेऊन मोजणारी कांडी) असेल तर तो पाण्यात नुसता धरून बसू नका. तो स्वतःच ऑक्सिजन खातो! पहिल्या रात्री संथ डोहात माझा आकडा हळूहळू उतरत गेला आणि मी खूश, केवढं श्वसन म्हणून. सहज प्रोब हलवला तर आकडा परत वर. अख्ख्या रात्रीच्या नोंदी फुकट गेल्या. प्रकाशाच्या मदतीने मोजणाऱ्या, म्हणजे प्रकाशीय प्रोबला ही भानगड नाही.