मदत हवी आहे: व्हीबीचे राइट आणि मिड पायथॉनमध्ये

नमस्कार मंडळी, ग्रंथालयाच्या नोंदींचा जुना व्हिज्युअल बेसिक ६ (व्हीबी) या भाषेतला प्रोग्रॅम पायथॉन या भाषेत आणतोय. मिड (मजकुरातला मधला तुकडा काढणारं फंक्शन) जमलं, त्याची मोजणी १ पासून, पायथॉनची ० पासून, एवढंच सांभाळायचं. राइटने (शेवटची ठरावीक अक्षरं काढणारं फंक्शन) मात्र दोन दिवस खाल्ले. शेवटची ० अक्षरं मागितली की व्हीबी रिकामी स्ट्रिंग (अक्षरांची ओळ) देतं, पायथॉनमध्ये स्लाइस करताना (तुकडा काढताना) शेवटून मोजायला उणे आकडा देतात, पण उणे शून्य म्हणजे शून्यच, म्हणून अख्खी स्ट्रिंग येते. आता लांबीतून वजाबाकी करून सुरुवात काढतो आणि ती उणे झाली तर शून्य धरतो. हे बरोबर आहे ना?

खरी अडचण मराठी नावांची. ‘क्षितिज’चं पहिलं अक्षर मागितलं तर नुसता ‘क’ मिळतो, कारण ‘क्षि’मध्ये ४ कोडपॉइंट (संगणक वेगवेगळे मोजतो ते सुटे घटक) आहेत. जोडाक्षर न फोडता तुकडे करणारं काही कोणी वापरलंय का? कृपया सांगा.