प्रीपोन हा शब्द चुकीचा आहे का?

सांगलीची आई:
माझी मुलगी दहावीला आहे. परवा इंग्लिशच्या पेपरात तिनं पत्रात 'परीक्षा प्रीपोन करा' असं लिहिलं तर बाईंनी त्याला लाल गोल काढून 'असा शब्दच नाही' लिहिलं आणि अर्धा मार्क कापला, पोरगी दोन दिवस तोंड पाडून बसलीय. आता आमच्याकडं साखरपुड्याची तारीख अलीकडं घेतली तरी सगळे प्रीपोनच म्हणतात. एवढे लोक बोलतात तो शब्दच नाही असं कसं?

कृष्णाकाठ:
शब्द आहे ताई, ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीत आहे. आपल्याला वाटतं आपणच पोस्टपोनच्या उलटा बनवला, पण १९१३ साली न्यूयॉर्कच्या पेपरात छापलेल्या एका पत्रात तो याच अर्थानं आलाय. तिकडं रुजला नाही, आपल्याकडं रुजला. आणि अ‍ॅप्रन बघा, मूळ शब्द नॅप्रन होता, 'अ नॅप्रन' म्हणता म्हणता न सरकून मागच्या अ ला चिकटला आणि 'अ‍ॅन अ‍ॅप्रन' झालं. तेव्हा ती चूकच होती की, आज नॅप्रन लिहिलं तर मार्क जाईल!

तासगावची टीचर:
मीपण इंग्लिशच शिकवते म्हणून बाईंची बाजू सांगते. डिक्शनरीत आलं म्हणजे कुठंबी चालतं असं नसतं. 'इररिगार्डलेस' (म्हणजे 'रिगार्डलेस'च, तरीही या अर्थाचा) १९३४ पासून मेरियम वेबस्टरच्या डिक्शनरीत आहे पण पुढं नॉनस्टँडर्ड असा शेरा आहे, अर्जात लिहिलं तर वाचणाऱ्याला खटकणारच. प्रीपोनचं तसं नाही, तो भारतीय इंग्लिशचा सरळ शब्द आहे. मी मार्क कापला नसता, बाजूला एवढंच लिहिलं असतं की परदेशातल्या माणसाला पत्र असेल तर 'ब्रिंग फॉरवर्ड' लिही, त्याला लगेच कळंल.

ऊसवाला वाळवा:
इंग्लिश मला जास्त येत न्हाई पण एक सांगतो. आमच्या शिवारात कारखान्याचा चिटबॉय येतो, उसाच्या लागणीची नोंद तोच घेतो, तोड कधी येणार तेबी त्यालाच विचारायचं, पाऊस तोंडावर आला की दिवसातनं चारदा फोन करतो आम्ही त्याला. लंडनच्या माणसाला चिटबॉय म्हणजे काय ते कळायचं न्हाई, पण वाळव्यात शेंबडं पोरगंबी सांगंल. आणि त्यातलं चिट म्हणजे आपलीच चिठ्ठी, साहेब लोकांनी इथनं उचलली, तिचं चिट केलं, आणि आपण त्याला बॉय लावून परत बांधावर आणली. पोरीला म्हणावं शब्द बरोबर हाय तुझा.

सांगलीची आई:
सगळं तिला वाचून दाखवलं. चिटबॉय तिला माहीत होता, मामाच्या शेतात बघितलाय, पण चिठ्ठीचं नवीन कळलं. टीचर, तुमचं म्हणणं पटलं. सोमवारी ती स्वतः पेपर घेऊन बाईंशी बोलायला जाणार आहे, मार्क मागणार नाही म्हणाली, फक्त 'शब्दच नाही' हे खोडून द्या म्हणणार आहे.