मदत हवी आहे: ट्रकच्या इंजिनाला नुसत्या पिस्टन रिंगा, फुल काम की दुसरं इंजिन?

2008 चा दहा टायरी ट्रक, सहा सिलिंडर टर्बो, मेकॅनिकल डिझेल पंप. ऑइल खातोय, ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी) धूर, चढाला निळा धूर. नोझल आणि पंपाचं कॅलिब्रेशन झालं, टर्बो तपासला. दोन सिलिंडरांत कॉम्प्रेशन कमी. इंजिन गरम असतानाही ऑइल प्रेशर चांगलं, पाण्यात ऑइल नाही.

एक फिटर म्हणतो रिंगा-बेरिंग टाका. दुसरा म्हणतो लायनर (पिस्टन ज्यात फिरतो ते नळकांडं)-पिस्टन, हेड, क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) सगळंच करा. भंगार बाजारातलं इंजिन मिळेल, पण आरसीवर इंजिन नंबर बदलायची कटकट, शिवाय आत काय निघेल देव जाणे. चेसिस, गिअरबॉक्स दणकट. गाडी उसाला लागते, गळीत हंगामाआधी हवी, विकायची नाही.

ऑइल प्रेशर चांगलं असताना क्रँकला हात लावावा का? आणि लायनर किती झिजलेले निघाले तर नुसत्या रिंगांवर भागणार नाही?