सल्ला हवा: कापसाच्या ओलाव्याच्या अटीबद्दल संसदेच्या कोणत्या समितीकडे जायचं?

कास्तकार_मारेगाव
हमीभावाच्या खरेदीत ओलावा 8 टक्के धरतात, 12 पर्यंत कपात करून घेतात, त्यावर गेला की गाडी परत. सीतादही (वेचणी सुरू करतानाची शेतातली पूजा) झाल्यावरच्या पहिल्या वेच्याला दहिवर असते, सकाळचा कापूस 12 च्या आत बसवणं कठीण. चार ग्रामसभांचे ठराव झाले, सह्याही आहेत. कृषी समितीकडे द्यावं की याचिका समितीकडे? मराठीत चालते का? जाणकारांनी सांगावं जी.

बाभूळबन
कृषी समिती नाही भाऊ. हमीभावाचं काम कृषी खात्याकडे, पण खरेदी करणारं भारतीय कापूस महामंडळ वस्त्रोद्योग मंत्रालयाखाली. म्हणजे तुमचा पत्ता 'श्रम, वस्त्रोद्योग आणि कौशल्य विकास' स्थायी समिती. कापसाच्या आयात शुल्काबद्दलही म्हणायचं असेल तर ते त्यातच घुसडू नका, तो विषय अर्थ मंत्रालयाचा. एका कागदात दोन मंत्रालयं आली की प्रत्येक जण म्हणतो, हे तिकडचं.
अशा खातेनिहाय समित्या 24 आहेत; 16 लोकसभेकडे, 8 राज्यसभेकडे. एकेकीत 31 खासदार: 21 लोकसभेचे, 10 राज्यसभेचे. मंत्री घेत नाहीत. मुदत एका वर्षाची, म्हणून सदस्यांची यादी संसदेच्या संकेतस्थळावरून ताजी काढा.

जुना_कारकून
याचिका समितीचा रस्ताही आहे, पण तिथं कागद नियमात बसला पाहिजे. अर्ज 'लोकसभेस' असा, भाषा सभ्य, शेवटी नेमकी मागणी. प्रत्येकाचं पूर्ण नाव, पत्ता आणि सही किंवा अंगठा. इथं हमखास चूक होते: मजकूर एका कागदावर आणि सगळ्या सह्या मागच्या कोऱ्या पानांवर. ज्या कागदावर अर्ज लिहिला त्याच कागदावर किमान एकाची तरी सही किंवा अंगठा लागतो. खासदार मांडणार असेल तर त्याची प्रतिस्वाक्षरी हवी, नाहीतर थेट लोकसभेच्या महासचिवांकडे पाठवता येतो.
मराठी चालते, सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर द्यावं लागतं.
कोर्टात चाललेला विषय, मुख्यतः राज्याच्या विधिमंडळाचा विषय, कायद्यात दाद मागायची सोय असलेला विषय, हे तिथं चालत नाहीत.

कास्तकार_मारेगाव
परत आलेल्या गाड्यांच्या पावत्या जोडू का? गठ्ठाभर आहेत.

जुना_कारकून
याचिकेला काहीच जोडायचं नाही. पत्रं, शपथपत्रं, कागदपत्रं, सगळं वर्ज्य. ठरावसुद्धा नाही; त्यातला मुद्दा मजकुरात घ्या.

बाभूळबन
स्थायी समितीच्या निवेदनाला परिशिष्ट चालतं, पण पावत्यांचा गठ्ठा नको. खात्याच्या रोजच्या कारभारात या समित्या पडत नाहीत. 'अमक्याची गाडी परत केली' ही तक्रार झाली, 'मर्यादा बदला' हे धोरण झालं. पावत्यांवरून एक तक्ता करा: तारीख, ओलाव्याचं माप, घेतला की नाकारला. दोन पानांत बसवा. माझ्या मते तुमच्यासाठी याचिकेपेक्षा हाच रस्ता बरा.

वणी_नाका
वेळ सांभाळा. 1 फेब्रुवारीला अर्थसंकल्प येतो, मग सभागृहाला सुट्टी असते आणि त्या काळात समित्या मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे वर्षाच्या खर्चाचे प्रस्ताव, तपासतात. मंत्रालयाच्या सचिवांची साक्ष होते, आधी लेखी प्रश्नावली जाते. तुमचा कागद जानेवारीतच लोकसभा सचिवालयात पोचलेला बरा. आणि फक्त आपल्या खासदाराच्या मागं लागू नका राजेहो! तो त्या 31 मध्ये नसेल तर बैठकीत विचारणार कोण? यादीतल्या दोघातिघांना प्रत द्या आणि प्रश्न तयार करूनच द्या: '12 टक्क्यांची मर्यादा कोणत्या चाचण्यांवर ठरली? त्या कोणत्या भागात, कोणत्या महिन्यात झाल्या?' असा प्रश्न सदस्य जसाच्या तसा उचलू शकतो.
बैठका बंद दाराआड असतात, टीव्हीवर शोधू नका.

पांढरं_सोनं
हाती काय येते तेही सांगा न. शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. जनुकीय बदल केलेल्या अन्नपिकांच्या अभ्यासासाठी कृषी समिती 2012 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात भांबराजापर्यंत आली होती. ऑगस्ट 2012 च्या अहवालात शेतातल्या चाचण्या थांबवा म्हटलं, तरी सरकार त्याला बांधील नव्हतं.
पण उत्तर द्यावं लागते, साधारण तीन महिन्यांत. त्यावर समिती कार्यवाही अहवाल काढते. त्यातलं चौथं प्रकरण आधी उघडा, समितीला न पटलेली उत्तरं तिथं असतात. पुढच्या निवेदनाला तोच दाखला.

वणी_नाका
एक राहिलं. झेडपीत येते ती पंचायत राज समिती राज्याच्या विधिमंडळाची. तिच्या दौऱ्यात हे निवेदन देऊन उपयोग नाही, विषय केंद्राचा आहे.

जुना_कारकून
आणि याचिका करायचीच ठरली तर भाषांतरावरही अर्जदाराची सही घ्या. नुसत्या मराठी प्रतीवर सही असून भागत नाही.