हात मिळवला, पण उंचावला नाही

अमेरिकेत 'प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक) हरले की सगळे मुकाट विजेत्यामागे उभे राहतात' असं म्हणतात, ते काही पटलं नाही. १९८० चं डेमोक्रॅटिक अधिवेशन आठवा. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये शेवटच्या रात्री, राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टरांकडून प्रायमरीत हरलेले टेड केनेडी मंचावर आले, कार्टरांशी हस्तांदोलन केलं, पण हातात हात घालून उंचावल्याचा नेहमीचा फोटो काही दिला नाही. राष्ट्राध्यक्ष बिचारे मंचभर त्यांच्या मागे मागे! नोव्हेंबरात कार्टर आपटले (अर्थात महागाई आणि इराणमधले ओलीसही भोवले).

त्याच वर्षी रिपब्लिकनांकडे उलटं. थोरल्या बुशनी प्रायमरीच्या प्रचारात प्रतिस्पर्धी रेगनच्या अर्थनीतीला 'वूडू' (जादूटोणा) म्हणून हिणवलं, हरले, आणि मग त्यांचेच उपाध्यक्ष झाले. १९८२ मध्ये तर 'मी असं म्हणालोच नव्हतो' म्हणाले. एनबीसी या टीव्ही वाहिनीने जुनी टेपच काढून दाखवली!