मदत हवी आहे: कंटिन्जन्सी प्लॅनचा (आपत्तीत काम कसं चालू ठेवायचं त्या योजनेचा) फॉरमॅट कुणाकडे आहे का? सोमवारी ऑडिट

सुहास_क्वालिटी
नमस्कार मंडळी. सोमवारी कस्टमरचं ऑडिट आहे. मागच्या वेळी 'कंटिन्जन्सी प्लॅन अपुरा' अशी एनसी (ऑडिटमध्ये नोंदलेली त्रुटी) पडली, ती अजून उघडीच आहे. नेटवर मिळतात ते प्लॅन बँकांचे नाहीतर सॉफ्टवेअर कंपन्यांचे. कुणाकडे तयार एक्सेल असेल तर पाठवा. फार घाई आहे.

दर्यावर्दी
कंपनी कशाची, आहे कुठे, माणसं किती? ऑडिट आयएटीएफचं (वाहन उद्योगाचं क्वालिटी स्टँडर्ड) की आयएसओ 22301 चं (आपत्तीतही धंदा चालू ठेवण्याचं स्टँडर्ड)? एनसीमध्ये नेमकं काय लिहिलंय, तेवढं तरी इथे टाका.

क्लाउड_केदार
आधी डेटा सांभाळा. टॅली, ड्रॉइंग, ईआरपी, सगळ्याचा रोजचा बॅकअप ऑफिसच्या बाहेर हवा. आणि तो परत चढवून बघा. बॅकअप घेतात सगळे, चढवून कुणी बघत नाही.

सुहास_क्वालिटी
डेटाचा प्रश्न नाही हो. फाउंड्री आहे आमची, ऑटोच्या कास्टिंगची (गाड्यांच्या ओतीव भागांची), म्हणजे आयएटीएफच. एनसीत लिहिलंय: 'वारंवार येणाऱ्या नैसर्गिक आपत्तीचा विचार केलेला नाही, प्लॅनची चाचणी घेतल्याचा पुरावा नाही.'

फायर_सेफ्टी_नाशिक
वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला) भरता का? परवानाधारक एजन्सीकडून हायड्रंट, एक्स्टिंग्विशर तपासून घेतलेत का? मॉक ड्रिलचे फोटो तारखेसह जोडा.

दर्यावर्दी
ते आगीचं झालं. त्यांची एनसी नैसर्गिक आपत्तीवर आहे. सुहासराव, गाव कोणतं?

सुहास_क्वालिटी
शिरोली एमआयडीसी, कोल्हापूरजवळ, पंचगंगेच्या उत्तरेला. पण 2019 ला आणि 2021 ला आमच्या शेडमध्ये पाणी आलं नव्हतं, म्हणून पूर लिहिलाच नव्हता.

जुना_मेल्टर
भावा, पाणी शेडमध्ये यायची गरजच नाही. दोन्ही वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली आणि शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला. निम्मी माणसं कोल्हापुरातून येत असतील, ती नदीच्या पलीकडे अडकली. शिरोळ, करवीरच्या गावांतली माणसं स्वतःचंच घर आवरत होती, त्यांना ड्युटीवर या कसं म्हणायचं? तुमचा मेल्टर (भट्टीवर धातू वितळवणारा) कुठे राहतो, पॅनल बघणारा इलेक्ट्रिशियन कुठे राहतो, हे आधी कागदावर घे. नदीच्या अलीकडचे किती, पलीकडचे किती. प्लॅन तिथून सुरू होतो.

दुसरं भट्टीचं. इंडक्शन भट्टीत धातू वितळलेला असताना वीज गेली, तर भट्टीची कॉइल थंड ठेवणारं पाणी थांबता कामा नये. वरच्या टाकीतून आपोआप उतरणारं पाणी किंवा डिझेल पंप, दोन्हीपैकी एक हवंच. डीजीवर (डिझेल जनरेटरवर) पंप आणि क्रेन चालते, मेल्टिंग चालत नाही. म्हणजे धातू गोठायच्या आत कुठे ओतायचा, ते ठरलेलं पाहिजे. आणि पावसाळ्यात भट्टीखालचा पिट रोज कोरडा आहे का, हे शिफ्ट सुरू होताना सुपरवायझरने स्वतः वाकून बघायचं. ओल्या पिटात धातू गळला तर स्फोट होतो. हे मी ऑडिटसाठी सांगत नाही, माणसांसाठी सांगतोय.

पॅटर्नशॉप_कागल
पॅटर्न (ज्यावरून साचा बनतो तो नमुना) वर उचलून ठेवलेत का? लाकडी पॅटर्न ओल खाऊन फुगला की माप गेलं. आणि तो कस्टमरच्या मालकीचा असतो.

चाकण_परचेस
कस्टमरच्या बाजूने सांगतो. आम्हाला वीस पानी प्लॅन नको असतो. पुण्याजवळच्या गोदामात पावसाळ्यापुरता जादा स्टॉक ठेवा. जूनमध्ये भरा, सप्टेंबरअखेर उतरवा. विषय संपला.

जुना_मेल्टर
संपला कसा? त्या स्टॉकमध्ये अडकलेल्या पैशाचं व्याज कोण भरणार? लहान फाउंड्रीला ते झेपत नाही. त्यापेक्षा नदीच्या दक्षिणेला, गोकुळ शिरगावला ओळखीची फाउंड्री असेल तर तिच्याशी आधीच करार करा.

चाकण_परचेस
मग पीपॅपचं (कस्टमरकडून पार्ट मंजूर करून घेण्याचं) काय? जागा बदलली की आमची मंजुरी लागते. पुरात अडकल्यावर मंजुरी मागत बसणार का? आणि पॅटर्न त्याच नदीवरून न्यायचाय ना?

जुना_मेल्टर
पॅटर्नचं बरोबर आहे, ते मे महिन्यातच पलीकडे न्यावे लागतील. मंजुरीही तेव्हाच घ्यायची. पण तुम्ही लोक पावसाळ्याआधी ती देत नाही, दुखणं तिथे आहे.

कृष्णाकाठ
मुळात कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची वाढवायला विरोध केला नाही, तर हे दरवर्षीचंच होणार.

दर्यावर्दी
2019 च्या पुरावर नेमलेल्या वडनेरे समितीने अतिवृष्टी आणि नदीपात्रातली अतिक्रमणं ही कारणं दिली होती, अलमट्टी नाही. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे माणसाला सोमवार गाठायचाय.

विमा_वैशाली
लॉस ऑफ प्रॉफिट पॉलिसी (काम बंद पडल्यावर बुडालेल्या नफ्याची) आहे म्हणून निर्धास्त राहू नका. साधारणपणे तुमच्या जागेत विमा असलेलं नुकसान झालं तरच ती पैसे देते. शेड कोरडी आणि फक्त रस्ता बंद, तर बहुधा काही मिळणार नाही. रस्ता बंद झाल्याचं वेगळं कव्हर जोडून घेता येतं, एजंटला आजच विचारा.

दर्यावर्दी
सुहासराव, आता तुमच्या एनसीवर येतो. आयएटीएफच्या कलम 6.1.2.3 मध्ये पूर, आग, वीज, माणसांची टंचाई, सायबर हल्ला, सगळं येतं. वर्षातून किमान एकदा आढावा, तोही वरिष्ठांसह. कस्टमरला कोण, कधी कळवणार हेही लागतं. सगळ्यात जास्त सुटतो तो मुद्दा: काम अचानक बंद पडून पुन्हा सुरू झालं, तर पहिला माल स्पेसिफिकेशनला बसतो की नाही याची तपासणी.

आणि प्लॅन कधी लागू होणार, ते आकड्यात लिहा. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की पहिला फोन कुणी कुणाला करायचा, तेही.

सुहास_क्वालिटी
हे कामाचं आहे, मनापासून आभार. 39 फुटांना गाड्या भरून पुण्याकडे काढायच्या आणि नदीपलीकडच्या मेल्टरना इकडेच मुक्कामाला ठेवायचं, असं लिहितोय. मालकांशी उद्या बोलतो. पण चाचणीचा पुरावा सोमवारपर्यंत कुठून आणू?

दर्यावर्दी
जुन्या तारखेचा कागद अजिबात करू नका. शनिवारी सगळ्यांना बसवा, '41 फूट, पाणी वाढतंय, रात्रीची शिफ्ट' असा प्रसंग द्या आणि खरेच फोन लावायला सांगा. कुणाचा नंबर लागला नाही, डीजीत डिझेल किती निघालं, ते जसंच्या तसं लिहा. खरी तारीख, सगळ्यांच्या सह्या.

जुना_मेल्टर
वरच्या टाकीचा व्हॉल्वही त्याच दिवशी फिरवून बघ. वर्षभर हात लावला नसेल तर तो जाम झालेला असतो.